‘नळगंगा’चे शीड

मी एक जुने शीड आहे.

नाही, मित्रांनो, हे वाक्य बरोबर नाही. मी एक जुने शीड होते. आता मी दोन तुकडे आहे. मधला तिसराही एक होता, तो राहिला नाही. त्यामुळे माझी गोष्ट तुम्हाला सलग ऐकायला मिळणार नाही. वरच्या तुकड्याला जे आठवते ते वरचा सांगेल, खालच्याला आठवते ते खालचा. मधल्याची जागा रिकामी राहील. तिथे जरा थांबा आणि मग पुढे या.

शीड म्हणजे होडीच्या डोलकाठीवर चढवलेले, वारा धरणारे मोठे कापड. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले नसेल. मी आता जिथे राहते तिथल्या माणसांनीही पाहिले नव्हते. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे हे गाव आहे. इथे कापूस होतो, मका होतो. समुद्र फक्त शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात आहे, आणि तोही पोपडे येऊन निम्मा गळाला आहे.

वरचा तुकडा

माझा जन्म मुंबईला झाला, शिडे शिवणाऱ्या एका कारखान्यात. तिथे शिवणयंत्र जमिनीत खड्डा करून बसवले होते. कारागीर खड्ड्यात पाय सोडून बसत, म्हणजे एवढे मोठे कापड जमिनीवर पसरून सरकवता येई. मी पांढरे होते, कडक होते, हलवले की पापडासारखे वाजत होते. मी कापसाचे नव्हते, कृत्रिम धाग्याचे होते. पट्ट्याला पट्टा जोडत त्यांनी मला तीन कोनांचे केले.

ज्यांच्यासाठी मला शिवत होते ते गृहस्थ संध्याकाळी येऊन माझ्याजवळ मांडी घालून बसत. अंगाने रुंद, केस पिकलेले, बोलणे कमी. माझ्या कोपऱ्यांतल्या पितळी कड्या त्यांनी स्वतः शिवल्या. जाड सुई रेटायला तळहातावर चामड्याचा पट्टा बांधून ते टाका घालीत.

“साहेब, हात चांगला आहे तुमचा,” म्हातारा कारागीर एकदा म्हणाला. “गाव कुठलं?”

“बुलढाण्याकडचं.”

“तिकडे कुठला आलाय समुद्र?”

“समुद्र नाही. धरण आहे.”

कारागीर इतका हसला की त्याला यंत्र थांबवावे लागले.

त्यांचे नाव उकंडराव. नळगंगा धरणात ते पोहायला शिकले, तिथून नौदलात गेले आणि नौदलात त्यांना शिडाची होडी भेटली. त्या काळी आपल्या देशात भर समुद्रात शिडाच्या होड्यांची शर्यत करणारी माणसे अगदी थोडी होती. यंत्र लावायचे नाही. मुंबईहून निघायचे आणि नुसत्या वाऱ्यावर गोवा गाठायचा, पुढे धीर आला की मस्कत. वाटेत कुणी भेटत नाही. हरलो तर किनाऱ्यावर कुणाला कळत नाही, आणि जिंकलो तरी फारसे कळत नाही. उकंडराव या शर्यतींत पहिल्यापासून होते. दुसऱ्यांच्या होड्यांवर त्यांनी दोर ओढले, सुकाणू धरले, उलट्या केल्या आणि पुन्हा दोर ओढले. नौदलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची होडी बांधली. तिचे नाव त्यांनी ‘नळगंगा’ ठेवले. मी तिचे शीड.

शर्यतींच्या क्लबातल्या लोकांना उकंडराव हे नाव जड जाई. ते त्यांना ‘यूके’ म्हणत. मस्कतच्या धक्क्यावर एका यजमानाने हे ऐकले आणि पाहुणे विलायतेहून आले असे समजून त्यांच्यापुढे बिनदुधाचा चहा ठेवला. उकंडरावांनी तो तोंड वाकडे करून प्यायला आणि होडीवर येऊन पुन्हा आपला चहा केला, दूध घालून, साखर घालून, उकळून उकळून.

माझे ते दिवस चांगले होते. वारा माझ्यात भरला की होडी कुशीवर कलून धावायची. लांब पल्ल्याच्या एका शर्यतीत आम्ही दुसरे आलो. फोटो निघाला. त्यात उकंडराव आहेत, त्यांच्या पत्नी जयमाला आहेत आणि मी घडी होऊन दोघांच्या मधे आहे.

पण मला आठवतात ते फोटोत नसलेले दिवस. चहूकडे पाणी आणि होडीवर एकच माणूस. माणूस एकटा असला की बोलायला लागतो. मुंबईत ते मुंबईसारखे बोलत. समुद्रावर मात्र त्यांच्या तोंडी गावची भाषा येई.

“चाल व माय, चाल,” ते मला म्हणत. वारा पडला की विचारत, “काऊन रुसली व माय?”

मला वाटायचे, सगळेच खलाशी आपल्या शिडाला माय म्हणत असतील.

खालचा तुकडा

शेवटच्या दिवसाचे मी सांगते. मला आडव्या दांड्याला बांधलेले असे, म्हणून मी कायम माणसाच्या जवळ.

ती एकट्याने करायची शर्यत होती. किनारा सुटून बरेच दिवस झाले होते. सकाळी वाऱ्याने मला मधोमध फाडले. उकंडरावांनी मला खाली उतरवले. वरचा भाग होडीच्या टपावर गोळा करून ठेवला, फाटलेला मधला भाग मांडीवर घेतला आणि सुईदोरा काढला. दुपार होती. समुद्र खवळलेला नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटते वादळ असेल. वादळ नव्हते. छान ऊन पडले होते.

ते ठिगळ लावत होते. बसून शिवायचे म्हणून कमरेच्या पट्ट्याचा दोर त्यांनी होडीपासून सोडवला होता. ठिगळाच्या तीन बाजू शिवून झाल्या, चौथी अर्ध्यावर आली. तेवढ्यात सुकाणूचा दोर सैल सुटला आणि होडी फिरू लागली. ते उठले. आत्ता येतो म्हणून माणूस उठतो तसे उठले. सुई तशीच कापडात होती.

मागून एक लाट आली. फार मोठी नव्हती.

मला त्यांचे पाय दिसत होते. मग दिसले नाहीत. आणि त्यांनी

मधला तुकडा

हा तुकडा त्यांच्या मांडीवर होता. त्यांचा चेहरा यानेच जवळून पाहिला. उठताना ते काही बोलले असतील तर ते यानेच ऐकले. तो आता नाही. म्हणून इथे काही लिहिलेले नाही.

पुन्हा वरचा तुकडा

मी टपावर गोळा होऊन पडले होते. मला पाणी दिसत होते.

पाण्यात त्यांचे डोके दिसत होते. ते ओरडले नाहीत. ऐकायला कोण होते? ते पोहू लागले. धरणात शिकलेला त्यांचा हात लांब आणि शांत पडे, तसाच तो पडत होता. मी उतरवलेले शीड, मला वारा धरता येत नव्हता. त्यामुळे होडीला वेग नव्हता. तरी पोहणाऱ्या माणसापेक्षा ती थोडी पुढेच राहत होती. थोडीच. बराच वेळ ते मागे होते. मग ते थांबले आणि नुसते होडीकडे पाहत राहिले. मग एक लाट मध्ये आली, आणि ती गेल्यावर तिथे पाणी होते.

मित्रांनो, हे फक्त मला ठाऊक आहे. आणि शिडाला सांगता येत नाही.

लक्षद्वीपच्या बाजूला मासेमारांना रिकामी होडी सापडली. तिला ओढत किनाऱ्यावर आणले. मला कुणीतरी गुंडाळून, दोराने आवळून ठेवले. नौदलाच्या विमानांनी समुद्र पाहिला. कुणी सापडले नाही. होडी पुढे कुठल्याशा धक्क्यावर पडून राहिली. जयमालाबाई गावी सासूकडे आल्या आणि त्यांनी कळवले, होडी नको, शीड तेवढे पाठवा.

म्हणून मी रेल्वेने मलकापूरला आले. फलाटावर मला घ्यायला उकंडरावांचे धाकटे भाऊ किसनराव आले होते. हमालाने मला उचलून पाहिले.

“काय होय हे, भाऊ? सर्कशीचा तंबू होय काय?”

“शीड होय.”

“मंग हत्ती मागच्या गाडीनं येऊन राह्यला का?”

किसनराव हसले नाहीत. हमालाला काहीच ठाऊक नव्हते, त्याचा दोष नाही. पण नंतर त्याने मला ट्रॉलीत फेकले नाही, हळू ठेवले.

घरी आल्यावर किसनरावांनी माझ्या कडेचा एक धागा काढून काडीने पेटवून पाहिला. त्यांचा जन्म कापसात गेला. धागा आक्रसला आणि त्याची काळी गोळी झाली.

“कापूस नाई हा,” ते म्हणाले.

त्यांची आई तानुबाई दारात बसली होती. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, डोळे अजून चांगले. ती म्हणाली, “दोर सोडू नोको. त्याची वस्तू हाये. तो येईन तवा सोडीन.”

मला माळ्यावर टाकले. त्या घरात मी वर्षानुवर्षे बांधलेले पडून होते, आणि वरून सगळे ऐकत होते.

मित्रांनो, त्या घरात रडायला बंदी होती. रडले म्हणजे तो गेला असे कबूल केले, असा तानुबाईचा हिशेब होता. शेजारच्या बायका भेटायला आल्या आणि एकीने पदर डोळ्याला लावला, तर तानुबाई म्हणाली, “डोयात काय गेलं असंन तर बाहीर जाऊन धुऊन ये.” त्यानंतर कुणी तसे करीना. जयमालाबाई कुंकू लावीत होत्या, चूल सांभाळीत होत्या, शेतात जात होत्या. त्यांना मूलबाळ नव्हते. त्या बोलत कमी, खात कमी. रात्री त्या जाग्या असल्या की मला कळे. जागे माणूस आणि झोपलेले माणूस यांचा श्वास वेगळा असतो, हे मला समुद्रावर शिकायला मिळाले होते.

एकदा भाकरी करता करता त्या म्हणाल्या, “आत्याबाई, मले एक डाव रडू द्या.”

“कोनासाठी?”

“तुमाले मालूम हाये.”

“त्याले काई झालं नाई. त्याले होत नसते काई. मी त्याले उकंड्यावर टाकला होता.”

ही गोष्ट मग मला हळूहळू समजली. उकंडरावांच्या आधी तानुबाईची मुले झाली आणि जगली नाहीत. एक पाचवीच्या आतच गेले, एक रांगत होते. म्हणून हे मूल झाले तेव्हा तिने ते उकंड्यावर, म्हणजे शेणाच्या उकिरड्यावर, नेऊन ठेवले. या भागात अशी रीत होती. टाकून दिलेल्या मुलाकडे मरण पाहत नाही. समोरच्या घरच्या विमलबाईने ते उचलले, “हे माहं,” म्हणाली, आणि तानुबाईला सूपभर ज्वारी दिली. म्हणजे सौदा झाला. मूल विमलबाईचे झाले, आणि तिने ते सांभाळायला तानुबाईकडे ठेवले. मरण तानुबाईचे मूल शोधत आले तरी त्या घरात तानुबाईचे मूलच नव्हते.

आणि मरणाला शंका येऊ नये म्हणून उकंडराव जन्मभर आपल्या आईला काकू म्हणाले. माय म्हणाले ते समोरच्या विमलबाईला.

हे ऐकले तेव्हा मी माळ्यावर होते. भर समुद्रात कुणी ऐकत नसताना ते मला काय म्हणून हाक मारीत, ते मला आठवले. मला ते तानुबाईला सांगायचे होते. फार सांगायचे होते. मी नुसते घडी होऊन पडून राहिले.

विमलबाई रोज दुपारी येऊन बसत असे. दात नव्हते, पण बोलणे खुसखुशीत होते.

“दर दिवायीले लुगडं धाडे मले,” ती म्हणायची. “बजारात हिंडली असती तरी असा पोरगा सूपभर जवारीत भेटला नसता.”

“हाव, हाव. सूपभर जवारी देऊन जन्मभर मलेच सांगते,” तानुबाई म्हणायची.

दोघी हसत. जयमालाबाई उठून आत जात.

वर्षे गेली. बेपत्ता माणसाची सात वर्षे वाट पाहिली की कायदा त्याला गेला असे धरतो. किसनराव ते ऐकून आले आणि बिचकत म्हणाले, “काकू, आता कायदा बी म्हणते.” मोठ्या भावाचे ऐकून तेही आईला काकूच म्हणत.

“कायद्यानं त्याले नऊ महिने पोटात ठेवला होता काय?” तानुबाईने विचारले.

जयमालाबाईंनी त्या दिवशी भाजीत मीठ घातले नाही आणि कुणी त्यांना ते सांगितले नाही.

खालचा तुकडा

मग अवकाळी पाऊस आला. मका काढून शेतात ढीग लावला होता, आणि आभाळ भरून आले. घरात झाकायला काही नव्हते. किसनरावांनी आईला न विचारता मला माळ्यावरून काढले, शेतात नेले, दोर कापला आणि मक्यावर पसरले. ढिगावर भिजायला मला बरे वाटले. खोटे कशाला सांगू.

सकाळी ऊन पडले. बैल सुटून ढिगाकडे आले. मका त्यांना दिसत होता, पण ते मक्याकडे गेले नाहीत. ते मला चाटू लागले. एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसरा, डोळे अर्धे मिटून.

“चाटून काय राह्यले बे? कापड होय ते!” किसनराव ओरडत आले. बैल हटेनात. त्यांना वाटले, कुणी शेतात औषध सांडले की काय. त्यांनी घाबरून माझ्यावर बोट फिरवले, जिभेला लावले आणि तसेच उभे राहिले.

घरी येऊन ते दारातच म्हणाले, “वहिनी, ते खारट हाये.”

“काय?”

“दादाचं शीड. मिठावानी लागते. इतके वर्षं झाले तरी.”

जयमालाबाई हातातले टाकून शेतात आल्या. त्या माझ्याजवळ गुडघ्यावर बसल्या. त्यांनी मला जीभ लावली नाही. फक्त हात ठेवला, आणि हात तसाच राहिला. त्यांना रडू येईल असे मला वाटले. आले नाही.

तानुबाईला कळले. ती किसनरावांवर चिडली, बैलांवर चिडली, पावसावर चिडली. मग म्हणाली, “घरी आणा ते. ओट्यावर पसरा. मी पाहतो कुठी फाटलं असंन तर.”

तानुबाईला वाकळा शिवायची सवय होती. गावातली निम्मी घरे तिच्या वाकळांखाली झोपतात. ती माझ्यावर बसली आणि हाताने चाचपत सरकू लागली. खालून वर, काठाकाठाने. मधल्या भागावर येऊन तिचा हात थांबला.

“हे ठिगय कोनं लावलं?”

“दादानंच लावलं असंन,” किसनराव म्हणाले. “तिथं दुसरं कोन होतं?”

तिने टाके बोटाने मोजले नाहीत, नुसते चाखल्यासारखे चाचपले. “हाव. त्याचेच होत. माह्याच हाताचा टाका हाये हा.” मग तिचे बोट चौथ्या बाजूवर गेले, अर्ध्यावर अडले. तिथे गंजलेली सुई होती. गंज कापडाला धरून बसला होता.

“सुई अंदरच हाये,” तानुबाई म्हणाली.

“शिवता शिवता उठला तो,” ती म्हणाली. “कापडात सुई ठेवून उठला. मंग वापस आला नाई.” ती सगळ्यांकडे एकेक करून पाहू लागली, कुणीतरी नाही म्हणावे म्हणून. “आला असता तर काहाडली असती ना त्यानं सुई? जयमाला? काहाडली असती ना?”

“हाव, आत्याबाई,” जयमालाबाई म्हणाल्या.

कायदा तिला जे सांगू शकला नाही ते त्या सुईने सांगितले. ती संध्याकाळपर्यंत माझ्यावर बसून होती. सुई काढली नाही. ठिगळ पुरे केले नाही.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन बाहेर आली. सुपात ज्वारी होती. समोरच्या ओट्यावर विमलबाई ऊन खात बसली होती. मी तानुबाईच्या ओट्यावर तसेच पसरलेले होते, म्हणून मी हे पाहिले.

“काय व, दयन घेऊन कुठी चालली?” विमलबाईने विचारले.

“माहा पोरगा वापस घ्याले आली.”

विमलबाईचे हसू ओठांवरच राहिले. मग तिने ते आवरले.

“राहू दे व तानुबाई. माह्याचपाशी राहू दे,” ती हळू म्हणाली. “माहा हाये तवलोक तो हाये. तू त्याले घेशीन आन मंग...”

“मालूम हाये.”

“मंग काऊन नेतं?”

“तो गेला व, विमल. अन कोनाचाच नसल्यावानी गेला. त्याले नाव घेऊन पाठवनारं कोनी पाह्यजे. बिन मायचा कसा जाऊ देऊ त्याले?”

विमलबाईने सूप जवळ ओढले. मग तिने दोन्ही हात सुपात घातले, ओंजळ भरून ज्वारी आपल्या पदरात घेतली. उठली. तिच्या हातात काही नव्हते, पण तिने हात असे पुढे केले जसे तान्हे मूल देतात, एक हात मानेखाली.

“घे व बाई,” ती म्हणाली. “तुहा पोरगा.”

तानुबाईने पदर पसरला. तिने ते रिकामे ओझे घेतले, छातीशी धरले, आणि रस्त्यातच खाली बसली. “माह्या लेकरा,” ती म्हणाली. उकंडरावांना हे दोन शब्द ती जन्मात पहिल्यांदा म्हणत होती. तिला साठ वर्षांपासूनचे रडू आले, आणि ते थांबेना. बायका धावल्या. जयमालाबाईंनी तिला धरले. त्या स्वतः रडल्या नाहीत.

ज्यांचा देह सापडत नाही त्यांच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. नदीकाठी तसा पुतळा केला. वरून गुंडाळायला नवे पांढरे कापड आणले होते. तानुबाई म्हणाली, ते नको, हे शीड. गुरुजी म्हणाले, “आजी, हे जळणार नाही. वितळेल.”

“वितयू द्या.”

जयमालाबाईंनी मला कापले. घरच्या मोठ्या कात्रीने, आधी वरून, मग खालून. मधला भाग वेगळा झाला, ठिगळासकट, सुईसकट. मला दुखले नाही, मित्रांनो. कापडाला दुखत नाही. पण त्या दिवसापासून मला माझी गोष्ट पूर्ण सांगता येत नाही.

किसनरावांनी अग्नी दिला. मधला तुकडा जळाला नाही, गुरुजी म्हणाले तसा आक्रसला, काळा झाला आणि पानांवर थेंब थेंब गळला. नळगंगा नदीला त्या दिवसांत पाणी घोट्याइतके होते.

“रड आता, पोरी,” परतताना विमलबाई जयमालाबाईंना म्हणाली. “आता तुले कोनी नाई म्हनत नाई.”

जयमालाबाई नुसत्या चालत राहिल्या. इतकी वर्षे गिळलेले रडू आतल्या आत कुठे गेले होते ते त्यांनाही सापडत नव्हते.

दोन्ही तुकडे

खालचा तुकडा आता किसनरावांच्या ट्रॉलीवर आहे. मका झाकतो, कापूस झाकतो. बैल त्याला आता हुंगूनही पाहत नाहीत, पावसाने मीठ धुऊन नेले. त्याचे बरे चालले आहे.

वरचा तुकडा मी. तीन कोन राहिले असल्यामुळे मला आजही लहानसे शीड म्हणता येईल. जयमालाबाईंनी मला मागच्या अंगणातल्या न्हाणीला लावले आहे. न्हाणीला तीन बाजूंनी भिंत आहे, चौथ्या बाजूला मी. वारा आला की मी थोडे फुगते, आणि आत कुणी असेल तर ते माणूस “ए, पडदा धरा!” असे ओरडते. पुढे सांगण्यासारखे माझ्यात काही उरले नव्हते. पण परवाचे सांगितलेच पाहिजे.

परवा सकाळी जयमालाबाई आंघोळीला आल्या. बादलीत नळ सोडला. कपडे भिंतीवर टाकले. मग त्या दगडावर बसल्या आणि पाण्याकडे पाहत राहिल्या. बादली भरली, पाणी वाहू लागले, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. आधी त्यांचा खांदा हलला. मग त्यांनी माझा कोपरा ओढून घेतला आणि तोंडात धरला. त्या घरात इतकी वर्षे आवाज न करण्याची सवय झालेली. मी त्यांचे दात सोसले. पण ते रडू मला आवरणारे नव्हते, मित्रांनो. आवाज माझ्यातून बाहेर गेला, अंगणात गेला.

अंगणात किसनराव टॉवेल खांद्यावर टाकून आपल्या पाळीची वाट पाहत उभे होते. त्यांना मलकापूरला जायचे होते, उशीर झाला होता. चुलवणावर पाणी उकळत होते. तानुबाई काठी टेकत आली. तिने आवाज ऐकला. न्हाणीसमोरच्या दगडावर माझ्याकडे पाठ करून ती बसली, आणि काठी आडवी धरली.

“काकू, वहिनीले झालं काय? मले जायाचं हाये,” किसनराव म्हणाले.

“नदीवर जाय,” ती म्हणाली. “न्हाणी आज खाली नाई.”

ते गेले. तानुबाई तिथेच बसून राहिली. आत पाणी वाहत होते. ती वळून पाहत नव्हती. शेजारची एक बाई कुंपणावरून डोकावली, तर म्हातारीने तिला काठी दाखवली.

आमच्यासारख्यांनी गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू जपा असे सांगायचे असते. मला जपू नका. मी उन्हाने विरत चालले आहे, आणखी दोन उन्हाळ्यांत मला बोट लावले तरी भोक पडेल, आणि ते ठीक आहे. पण तुमच्या घरात कुणी रडू गिळून बसलेले असेल, मित्रांनो, तर त्याला समजावू नका. आडोसा असलेली एक जागा द्या आणि बाहेर बसून राहा. कुणी घाई करत आले तर त्याला परत पाठवा. बाकीच्यांची आंघोळ उशिरा होईल. होऊ द्या.